कारणाचा रकाना

माझी आई चोरून गोड खाते, हे मी जवळजवळ दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. भावाला फोनवर सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगितलं, ऑफिसात डबा खाताना सांगितलं, डॉक्टरांना तर दर महिन्याला सांगितलं. सांगताना मी हसायचे. म्हातारी माणसं लहान मुलांसारखी होतात, काय करणार, असं म्हणून समोरचाही हसायचा आणि आपल्या सासऱ्याची नाहीतर आत्याची तसलीच एखादी गोष्ट सांगायचा. आई कधी कधी त्या वेळी तिथेच बसलेली असायची. तिने काहीच खाल्लेलं नव्हतं.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. दिल्लीत आर. के. पुरममध्ये पहिल्या मजल्यावर मला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं आहे. मी लग्न केलं नाही. वडील गेले तेव्हा आई कराडजवळच्या आमच्या गावी एकटी पडली. धाकट्या भावाचं पिंपरीतलं घर लहान आणि त्याच्या बायकोचं मन त्याहून लहान, असं तेव्हा मी म्हणायचे, आणि मोठ्या तोऱ्यात आईला दिल्लीला घेऊन आले. भावजयीबद्दल असं बोलायला आता माझी जीभ रेटत नाही.

आई आली ती एक ट्रंक, दहा-बारा वर्षांची साखर आणि मशेरीचा डबा घेऊन. मशेरी काय असते हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. आमच्याकडच्या बायका सकाळी लावतात, दुपारच्या जेवणानंतर लावतात आणि डोकं चढलं, घरात कुणाशी वाजलं की मधेही लावतात. माझी आजी लावायची, दोन्ही मावश्या लावायच्या. शाळेतल्या बाईसुद्धा मधल्या सुट्टीत मैदानाकडे पाठ करून लावायच्या. त्यात व्यसनासारखं काही आहे, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दिल्लीत ती पानं मिळेनात. म्हणून मीच सोय केली. आमच्या तालुक्यातला एक माणूस आमदारसाहेबांबरोबर कामासाठी महिना-दोन महिन्यांनी दिल्लीला यायचा आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात उतरायचा. मी ऑफिस सुटल्यावर मेट्रोने तिथे जायचे, त्याच्याकडून पानांचं पुडकं आणि शेंगदाण्याची चटणी घ्यायचे, गावाकडच्या चार गोष्टी ऐकायचे आणि घरी यायचे. आईला तिची वस्तू मिळतेय याचं मला फार कौतुक होतं. परगावी राहून मी तिला काही कमी पडू देत नाही, असं माझं मलाच वाटायचं.

रविवारी सकाळी मागच्या गॅलरीत आई जुन्या तव्यावर पानं भाजायची. तो ठसका जिन्याभर जायचा. एकदा वरच्या भाभीजी खोकत खाली आल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "क्या जल रहा है जी?"

"कुछ नहीं भाभीजी," मी म्हणाले, "मम्मी का मंजन बन रहा है."

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. सरकारी डिस्पेन्सरीत आईचं नाव घातलं त्या दिवशीही फॉर्म मीच भरला होता. त्यात शराब, सिगरेट, तंबाकू असे तीन शब्द होते आणि पुढे चौकटी. तिन्हीपुढे मी 'नहीं' लिहिलं. पेन अडखळलंसुद्धा नाही. तंबाखू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुरुष यायचा, चुन्याची डबी यायची, जिन्याच्या कोपऱ्यातली लाल पिचकारी यायची. आई तर दात घासत होती.

साखरेच्या डॉक्टरांनी घरी मोजायचं मशीन घ्यायला सांगितलं आणि आकडे लिहून आणा म्हणाले. मी लांबलचक वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, गोळ्या, आणि शेवटी कारण. शेवटचा रकाना डॉक्टरांनी सांगितला नव्हता, तो माझा. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? काम लांबलं, आकडा चुकला की खालच्या माणसाकडून कारण मागवायचं. 'माहीत नाही' असं लिहून आलं की कागद परत पाठवायचा. कारण आल्याशिवाय माझ्या टेबलावरून फाइल वर जात नाही, अशी माझी ख्याती होती आणि ती मला आवडायची.

पहिले काही महिने बरे गेले. मग आकडे चढायला लागले. उपाशीपोटीची साखर, जी कालच्या कुठल्याही लाडवाने एवढी वाढू नये, तीही चढायला लागली. आई जेवायला बसली की मी वही घेऊन शेजारी उभी राहायचे.

"आज एवढी कशी आली?"

"मला काय माहीत?"

"माहीत नाही हे कारण होत नाही, आई. काय खाल्लंस ते सांग."

"तूच वाढलंस की."

"मी वाढलेल्याने एवढी येत नाही."

यावर ती भाकरीचा पापुद्रा सोडवून आमटीत भिजत घालायची आणि ताटाकडे बघत बसायची. तो पापुद्रा भिजत घालणं मी रोज बघत होते. मला त्यात काही दिसलं नाही.

नाही म्हणायला बरंच काही दिसत होतं. तिने भाकरीचे काठ टाकायला सुरुवात केली होती. पेरू तिचा जीव की प्राण, त्याला ती हात लावेना. चहात पाव बुडवून खायची, केळं मागायची. मी म्हणायचे, बघा, पाव आणि केळं, साखरेच्या माणसाने नेमकं जे खाऊ नये ते. ताटातलं अर्धं जेवण उरायचं आणि मी म्हणायचे, मधे काहीतरी तोंडात टाकत असणार, म्हणून भूक नाही. तिच्या उशीखाली वेलदोड्याची टरफलं सापडली. वेलदोडा कशात असतो? खिरीत, लाडवात, बर्फीत. माझा हिशोब पक्का झाला. तोंडाला वास येतो म्हणून ती वेलदोडे चघळत होती, आणि तो वास येतो हे तिला मीच सांगितलं होतं. "आई, जरा लांबून बोल" असं म्हणाले होते.

एकदा ती आपणहून म्हणाली, "अगं, खालची दाढ हलतेय. ठणका लागतो. मशेरी लावली की जरा बधिर होतं, मग बरं वाटतं."

"या वयात दात हलणारच," मी म्हणाले. "आधी साखर आटोक्यात येऊ दे, मग दातांचं बघू. साखर जास्त असली की दात काढत नाहीत."

हे मला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेलं होतं. तरी मी तिला एकदा दातांच्या डॉक्टरांकडे नेलंच, अगदी नेलंच नाही असं नाही. दातांचा विभाग दुसऱ्या इमारतीत होता आणि आठवड्यातून दोनच दिवस उघडा असायचा. तिथल्या डॉक्टरांनी आईच्या कागदावरचा साखरेचा आकडा पाहिला आणि कागद माझ्या हातात परत दिला. "पहले शुगर कंट्रोल करवाइए, फिर आइए." आईने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. साखरेच्या डॉक्टरांना दातांचं सांगितलं तर ते म्हणाले, "दाँत का उधर दिखाइए." मला त्या दोघांचाही राग आला नाही. माझ्या ऑफिसात तरी मी काय वेगळं करते? हे आमच्या सेक्शनचं नाही, असं लिहून मी हजार कागद पुढे ढकललेत. मला तर बरंच वाटलं, कारण दोघांनी मिळून माझंच म्हणणं खरं केलं होतं. आधी साखर.

त्या दिवाळीच्या सुमारास भाभीजींच्या मुलाला नोकरी लागली. त्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि एक लाडू आईच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "माताजी, मुँह मीठा करो." आईने तो लाडू दोन बोटांत धरला आणि त्याचा कण मोडायला लागली. मी उठले आणि तिच्या हातातून लाडू काढून घेतला. "इनको मत दीजिए भाभीजी, इनकी आदत है, चोरी से खाती हैं." भाभीजी ओशाळल्या. आईने बोटं पदराला पुसली, मग उठून आत गेली आणि नळ सोडून हात धुतले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. त्यानंतर आई कधी वर भाभीजींकडे गेली नाही. तोपर्यंत रोज संध्याकाळी जायची, अर्ध्यामुर्ध्या हिंदीत गप्पा मारायची.

डबा मी लाडू मोजून फ्रीजमध्ये ठेवला. चार दिवसांनी सकाळची साखर पुन्हा चढलेली आली. मी वही घेऊन उभी राहिले. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

"लाडू खाल्ले," ती म्हणाली.

"किती?"

"तीन."

मी फ्रीज उघडून मोजले. तीन कमी होते. मी तारखेपुढे लिहिलं, तीन लाडू. काय वाटलं ते खरं सांगायचं तर आनंद झाला. वाईट वाटलं नाही, काळजी वाटली नाही, आनंद झाला. इतके महिने मी म्हणत होते ते शेवटी तिच्या तोंडून निघालं होतं, आणि एक रिकामा रकाना भरला होता.

मग आई रकाने भरायला लागली. एका दिवशी गुळाचा खडा, एका दिवशी चार बिस्किटं, एका दिवशी तिने शेवयांची खीर केली आणि मी यायच्या आत भांडं घासून ठेवलं, असंही सांगितलं. मी गुळाचा डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. बिस्किटं आणणं बंद केलं. तरी कारणं येतच राहिली. बिस्किटं घरातच नव्हती त्या आठवड्यातही मी 'बिस्किटं, बहुतेक शेजारून' असं लिहिलेलं आहे. शेजारी ती जात नव्हती हे मला माहीत होतं.

डॉक्टरांनी वही चाळली आणि खूश झाले. "बहुत अच्छा रिकॉर्ड रखा है आपने." ऑफिसात इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. मग त्यांनी आईकडे बघून बोट हलवलं, "माताजी, मीठा नहीं छोड़ेंगी तो सुई लगेगी." आई कसनुसं हसली. इन्सुलिनची सुई लागलीच. दोन महिन्यांनी डोस वाढला. मी टोचायला शिकले, आणि मला ते चांगलं जमतं, अशी माझी समजूत होती.

ज्या गोडावर तो डोस ठरला होता ते गोड अस्तित्वातच नव्हतं. तिच्या पोटात काय जात होतं? चहात बुडवलेला पाव, आमटीत भिजलेला भाकरीचा पापुद्रा, तोही अर्धा. मार्चमधल्या एका सकाळी मी साडेआठला सुई दिली, ताट वाढून ठेवलं आणि बस पकडली. ताट तसंच राहिलं. त्या दिवशी दाढ इतकी ठणकत होती की तिला तोंड उघडवत नव्हतं.

अकराच्या सुमारास भाभीजींचा फोन आला. खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून त्या त्यांच्याकडे ठेवलेल्या माझ्या किल्लीने दार उघडून आत गेल्या होत्या. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडली होती, घामाने ओली झालेली, असंबद्ध बोलत होती. भाभीजींच्या यजमानांनाही साखर आहे, त्यामुळे साखर एकदम उतरलीय हे भाभीजींच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी साखरेचं पाणी केलं आणि चमचा तिच्या ओठांपर्यंत नेला. पुढचं त्यांनी मला खूप दिवसांनी, खाली मान घालून सांगितलं. चमचा हातात धरून त्या जरा थांबल्या होत्या, कारण त्यांना वाटलं, मी रागवेन.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी आईला तोंड उघडायला सांगून बॅटरी मारली. नुसतं बोट लावलं तर दोन दात हलले. असे दात भूल देताना सुटून श्वासनळीत जाऊ शकतात, म्हणाल्या, आणि त्यांनी हॉस्पिटलच्याच दातांच्या डॉक्टरला बोलावलं. ती अगदी तरुण मुलगी होती. तिने हातमोजा चढवून आईच्या खालच्या हिरडीवर बाहेरून अंगठा दाबला. दाताच्या कडेने पू आला. पुढच्या दाताशी दाबलं, तिथूनही आला. दोन वर्षं मी या बाईच्या बोटातून रोज रक्ताचा थेंब काढत होते आणि तिच्या तोंडात एकदाही बघितलं नव्हतं.

"ये कब से है?" तिने मला विचारलं.

"इनको शुगर है," मी म्हणाले. "मीठा खाती हैं."

"मीठे की बात बाद में. तंबाकू लेती हैं?"

"नहीं, बिल्कुल नहीं."

ती आईकडे वळली. "अम्मा, दाँतों पर कुछ लगाती हो?"

"मशेरी," आई म्हणाली.

"वो क्या होता है?"

"मंजन है," मी मधेच म्हणाले. "हमारे यहाँ का."

"किस चीज़ का मंजन?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथेच अडकले. त्या प्रश्नाला एकच शब्द होता. फॉर्मवर ज्याच्यापुढे मी 'नहीं' लिहिलं होतं तोच.

"तंबाकू का," मी म्हणाले.

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. तिने शांतपणे समजावलं. हिरड्यांमध्ये एवढी घाण महिनोन् महिने राहिली की अंगात सतत जळजळ चालू राहते आणि इन्सुलिनला आपलं काम करता येत नाही, मग ते शरीरातलं असो की सुईतलं. त्याने साखर चढते. चढलेल्या साखरेने हिरड्या आणखी बिघडतात. एक दुसऱ्याला वाढवतं, त्यामुळे आधी हे मग ते असं करून चालत नाही. आणि तंबाखूमुळे हिरडीतून रक्त यायचं कमी होतं, म्हणून वरवर पाहणाऱ्याला कळतही नाही. सगळी साखर यानेच वाढली असं मी म्हणणार नाही, ती म्हणाली, पण एवढा पू तोंडात ठेवून साखर खाली आणायला बघणं अवघड होतं. मग तिने विचारलं, "इन्होंने कभी बताया नहीं कि दर्द है?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. ती मुलगी जो काय अर्थ घ्यायचा तो घेऊन कागदावर लिहायला लागली. आईनेही मला उघडं पाडलं नाही.

दोन दात लगेच काढले, मग खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि पुढे आणखी चार दात काढले. उरलेल्या हिरड्या पाच-सहा वेळा बोलावून आतपर्यंत साफ केल्या. मशेरी बंद झाली. पहिले पंधरा दिवस आईचं डोकं दुखायचं, ती कुणाशी बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सदनातल्या त्या माणसाचा फोन आला, ताई, पुडकं आणलंय. मी त्याला म्हणाले, टाकून दे. तो बिचारा गोंधळला. इतकी वर्षं मीच त्याच्या मागे लागत होते.

साखर उतरायला लागली. दोन महिन्यांत डोस निम्मा झाला, मग सुई बंद झाली आणि नुसत्या गोळ्या राहिल्या. जेवण तेच होतं, उलट दात गेल्यावर थोडं जास्तच जात होतं. साखरेचे डॉक्टर वही बघून म्हणाले, "देखिए, परहेज़ करने लगीं तो कैसे ठीक हो गया." मी त्यांना हिरड्यांचं सांगितलं. "हाँ हाँ, वो भी होता है," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की 'वो भी होता है' म्हणणाऱ्या त्या माणसाने निदान आईच्या हातातला लाडू काढून घेतला नव्हता.

एका रविवारी दुपारी आई वॉकर धरून खोलीतल्या खोलीत दहा पावलं चालली आणि खुर्चीत बसली. मी तिच्यासाठी मऊ खिचडी घेऊन आले होते. विचारायचं धाडस मी तीन महिने जमवत होते.

"तू लाडू खाल्ले नव्हतेस ना?"

"नाही."

"मग डब्यातले तीन कमी कसे झाले?"

"कचरा न्यायला येते त्या बाईला दिले. तू मोजशील म्हणून."

"आणि ती खीर? गूळ?"

"कुठली खीर आणि कुठला गूळ."

"मग खाल्लं म्हणून का सांगितलंस, आई?"

तिने खिचडी ढवळली.

"तू पेन धरून उभी राहायचीस. सांगितल्याशिवाय हलायची नाहीस. जेवण निवून जायचं. आधीच चावत नव्हतं, त्यात गार." मग म्हणाली, "आणि तुला बरं वाटायचं ना सांगितलं की."

मी तिच्या पायाशी बसले आणि माफी मागितली. रडले. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "असू दे." आमच्याकडे पाहुण्याच्या हातून कप फुटला की असंच असू दे म्हणतात. मला शिव्या हव्या होत्या. आयुष्यात तिने मला भरपूर शिव्या दिल्यात, शाळेत असताना तर चुलीतलं लाकूड घेऊन मागे धावलीय. ती बाई मला आता काहीच म्हणत नव्हती.

पुढच्याच आठवड्यात ती म्हणाली, "मला पिंपरीला नेऊन सोड." मी म्हणाले, तिथे जागा नाही, जिना आहे, दिल्लीतले डॉक्टर, फिजिओथेरपी. ती म्हणाली, "बघू." मी म्हणाले, भावजयीला जमणार नाही. त्यावर आई एवढंच म्हणाली, "ती काही विचारत नाही मला." जूनच्या शेवटी मी रजा काढून तिला पोचवून आले. भावजयीने हॉलमध्ये खिडकीजवळ तिची कॉट टाकली होती. दोन्ही मुलं तिच्या कॉटवर चढून बसली. मी निघाले तेव्हा आई मुलांना वॉकर कसा उघडतो ते दाखवत होती. तिने मान वर करून सांभाळून जा म्हटलं आणि पुन्हा त्यात गुंतली.

भावाला मी सगळं सांगितलं होतं. हिरड्यांचं, पुवाचं, आईने खोटं का कबूल केलं त्याचंही. पण ते एका बैठकीत सांगितलं होतं, आणि त्याआधी दोन वर्षं दर रविवारी फोनवर, आज काय सापडलं, परवा काय लपवलं, हे हसत हसत ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय राहणार?

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. मी ऑफिसात होते, समोर कागद होते.

"ताई, आज आईची साखर जरा जास्त आलीय. म्हणजे घाबरण्यासारखी नाही, पण जास्त आहे. मी विचारलं तर म्हणते, काही खाल्लं नाही."

"मग नसेल खाल्लं."

"नाही, तू म्हणायचीस ना, ती लपवते. तुला तिचं माहीत आहे म्हणून विचारतोय. खरं बोलत असेल का?"

"ती खरं बोलते," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरच्याने वर पाहिलं. "ती खरंच बोलत होती, पहिल्यापासून. तिला दातांच्या डॉक्टरांकडे ने. आजच ने. आणि तिला काही विचारू नकोस."

"नक्की ना? कारण इथे मुलांचा खाऊ असतो सगळीकडे, आणि ती दिवसभर एकटी—"

त्याच्या मागून आईचा आवाज आला. शांत होता, कंटाळलेला होता.

"खाल्लं म्हणून सांग तिला. लिहून घेईल आणि ठेवेल फोन."